परसांतील दगडफूल खरवडूं नये

पावसाळा सरत आला म्हणजे आंब्याच्या, चिंचेच्या किंवा फणसाच्या खोडावर राखी, पांढरट अथवा फिकट हिरवे असे चट्टे उठून दिसूं लागतात, आणि ते पाहून आमचे पुष्कळ बागाइतदार बंधु चिंतेंत पडतात. झाडास खरूज झाली, बुरशी लागली, आतां झाड बसणार, असें बोललें जातें. मग कोणी कोयत्याच्या पाठीनें खोड खरवडतो, कोणी मोरचूद-चुन्याचें मिश्रण मारतो, तर कोणी खोडास चुन्याचा हात देऊन मोकळा होतो. आमचें मत असें कीं, हा बहुतेक खटाटोप व्यर्थ आहे. हे चट्टे रोग नव्हेत. घराभोंवतालच्या परसांत तर त्यांस राहूं देणेंच इष्ट होय.

काळ्या मसाल्याच्या डब्यांत जें दगडफूल असतें, त्याच्याच जातकुळींतलें हें प्रकरण आहे. शास्त्रीय मराठींत त्यास शैवाक म्हणतात. वास्तविक ही एक वनस्पति नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांची ती भागीदारी आहे. बुरशी घर बांधते व ओलावा धरून ठेवते. शेवाळ उन्हाच्या बळावर अन्न तयार करतें. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनीं १८६७ सालीं ही गोष्ट मांडली, तेव्हां त्या विषयांतल्या कित्येक नामांकित पंडितांनींच ती मानण्याचें नाकारलें. आज तीविषयीं वाद उरलेला नाहीं. शेतकऱ्याच्या दृष्टीनें यांतला मुद्दा एवढाच कीं, अन्न घरच्या घरीं मिळत असल्यानें दगडफुलास झाडाच्या रसाची गरज नसते. त्याला मूळच नाहीं, मग तें झाडांत शिरणार कोठून? सालीच्या बाहेरच्या मेलेल्या थरास तें धरून असतें. झाड हा त्याचा बसावयाचा ओटा. काळ्या दगडावर आणि जुन्या कौलावर तें तितक्याच सुखानें नांदतें.

मग खंगलेल्या झाडावरच तें अधिक कां दिसतें, असें कोणी विचारील. जोमदार झाडाची पालवी दाट असल्यानें खोडावर ऊन फारसें पडत नाहीं, आणि साल भराभर ताणली जाते. झाड खंगलें, पानें विरळ झालीं, कीं ऊन खोडापर्यंत पोंचतें व दगडफुलास जागा मिळते. खंगणें आधीं आणि चट्टे मागाहून. पीक बुडाल्यावर पैसेवारी लावावयास कारकून गांवांत येतो. म्हणून कारकुनानें पीक बुडविलें असें कोणी म्हणत नाहीं (निदान आमच्या तोंडावर तरी कोणी म्हटलें नाहीं). तेव्हां खरवडण्यांत जाणारा वेळ मुळाशीं पाणी सांचतें काय, बुंध्याशीं भुसा पडून भिरूड लागल्याची खूण दिसते काय, हें पाहण्यांत घालवावा.

अर्थात् प्रत्येक डाग दगडफुलाचाच असतो असें नाहीं. आंब्यावरचें बांडगूळ हा खरा चोर आहे. तें फांदीच्या आंत शिरून पाणी पितें, आणि त्यास फांदीसकट कापल्यावांचून गत्यंतर नाहीं. संत्र्या-मोसंबीच्या बुंध्यांतून डिंक ओघळूं लागला, तर बोर्डो मलम लावावेंच. त्या पायीं जवळचें दगडफूल मेलें तरी हरकत नाहीं. आंब्याच्या पानांवर तांबूस, मखमली ठिपके येतात, तो एका परोपजीवी शेवाळाचा उपद्रव असून तेंही दगडफूल नव्हे. ओळखण्याची युक्ति सोपी आहे. राखी चट्ट्यावर चार थेंब पाणी टाकावें; दगडफूल असल्यास पुष्कळदां पाहतां पाहतां हिरवट दिसूं लागतें, कारण वरची कातडी भिजून आंतलें शेवाळ दिसतें. नखानें किंचित् ओरखडलें तरी तो हिरवा थर नजरेस येतो.

ठेवण पाहिली तर मुख्य प्रकार तीन. एक खपलीसारखें, दगडाशीं किंवा सालीशीं एकजीव झालेलें. दुसरें पानासारखें, कडेनें सुटें होणारें. तिसरें झुडुपासारखें किंवा दाढीसारखें लोंबणारें. हा तिसरा प्रकार पाहावयाचा तर महाबळेश्वरासारख्या दमट, थंड रानांत जावें. आमच्या धायरींत पहिलेच दोन भेटतात. आंब्याच्या खोडावर गोल, राखी, पानासारखें जें दिसतें, त्यांत पिक्सिने कोकोएस ही धूर-धूळ बरीच सोसणारी जाति आपल्याकडील शहरांतून सामान्य आहे. धूर वाढला म्हणजे दाढीचा प्रकार आधीं जातो, मग पानाचा. खपली सर्वांत चिवट. फिनलंडचे नीलांदेर यांनीं १८६६ सालीं पॅरिस शहरांतील लक्झेंबर्ग बागेंतलीं शैवाकें नोंदलीं होतीं. तीस वर्षांनीं तीं तेथून नाहींशीं झाल्याचें त्यांनींच नमूद केलें. आमचें गांव २०१७ सालीं पुणें महापालिकेच्या हद्दींत गेलें. सिंहगड रस्त्यावरील वाहनांची रीघ सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. हवा मोजण्याचीं यंत्रें चौकाचौकांत बसतील तेव्हां बसोत. परसांतील आंब्याचें खोड हें काम फुकट करीत आहे, आणि तेंच आपण चुन्यानें पुसून टाकतों.

याविषयीं माहिती मिळवावयाची तर दूर जावें लागत नाहीं. १९४६ सालीं स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, हिच्या संशोधनसंस्थेस १९९२ पासून आघारकर यांचें नांव आहे. ती पुण्यांतच असून पश्चिम घाटांतील शैवाकांचा अभ्यास तेथें अनेक वर्षें झालेला आहे.

महसुलाच्या कामांत आमचा जन्म गेला, त्यामुळें दगडावरच्या दगडफुलाशीं आमची ओळख खोडावरच्यापेक्षां जुनी. खपलीच्या कित्येक जाति वर्षांत जेमतेम एक मिलिमीटर वाढतात, कित्येक त्याहूनही कमी. म्हणून हातभर रुंद चट्टा असलेला बांधावरचा दगड कोणी काल आणून रोंवला, हें मानणें कठीण; आणि चट्टा मातीकडे व कोरी बाजू आकाशाकडे असेल, तर दगड हलला आहे हें सांगावयास मोजणीदार लागत नाहीं. कोर्टांत हा पुरावा चालेल असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ऑस्ट्रियाचे बेशेल यांनीं १९५० च्या सुमारास हिमनद्यांनीं मागें टाकलेल्या दगडांचें वय याच हिशेबानें काढावयाची रीत घालून दिली, तेव्हां बांधावरच्या म्हाताऱ्यांची समजूत अगदींच अडाणी नव्हती.

दगडफूल परसांत यावें म्हणून विशेष कांहीं करावें लागत नाहीं. कांहीं गोष्टी न कराव्या लागतात. रोग नसतां गंधकाची व तांब्याचीं औषधें खोडांवर मारूं नयेत. कुंपणाची जुनी भिंत आम्लानें धुवूं नये. एखादी वाळकी फांदी निर्धोक जागीं राहूं द्यावी; निखारासारखे लहान पक्षी घरटें मढवावयास दगडफुलाचे कपटे नेतात. सह्याद्रीच्या रानांतून तें उपटून आणूं नये. तेथली हवा आपल्याबरोबर आणतां येत नाहीं, आणि रानाचें मात्र नुकसान होतें. जें आपल्या पायानें येईल तेंच येथलें. परसांतलें खरवडून मसाल्यांतही घालूं नये, कारण जाति ओळखणें जाणत्याचेंच काम, शिवाय हवेंतील विषारी धातु दगडफूल आपल्या अंगांत सांठवितें.

आणखी एक सूचना. हल्लीं गुंठेवारीनें जमिनी विकल्या जातात, तेव्हां बांधांतले जुने दगड ठेकेदार भरावांत घालतो. हद्दीच्या खुणेचा दगड कोणीही हलवूं नये, तो कायद्यानें गुन्हा आहे. परंतु इतर जे सुटे दगड बांध मोडतांना निघतील, त्यांतले पांचसात परसांत आणून अर्धवट सांवलींत ठेवावे, आणि जी बाजू पूर्वीं वर होती तीच वर राहील असें पाहावें.