घराचा घसारा कोण भरणार?

पावसाळा तोंडावर आला की गच्च्यांवर ताडपत्र्या चढतात आणि छताखाली बालद्या मांडल्या जातात. दसरा जवळ आला की त्याच भिंतींवर रंगाचा हात फिरवून ओलीचे डाग झाकले जातात. मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक म्हणजे त्याचे राहते घर. पंधरा-वीस वर्षे हप्ते फेडून मिळवलेल्या या मालमत्तेची निगा मात्र आपण सणासुदीच्या रंगरंगोटीवर सोडून दिली आहे. हा प्रश्न केवळ गवंड्याचा किंवा नळदुरुस्ती करणाऱ्याचा नव्हे. तो मुळात अर्थशास्त्राचा आहे.

राष्ट्रीय उत्पन्न मोजताना स्थूल उत्पादनातून घसारा वजा केल्याखेरीज निव्वळ उत्पादन हाती येत नाही, हे अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल. वर्षभरात जेवढे भांडवल झिजले, तेवढे बाजूला न काढता उरलेले सारे उत्पन्न समजून खर्च करणे म्हणजे भांडवलच खाणे होय. कारखानदार आपल्या यंत्राचा घसारा न चुकता हिशेबात धरतो. घरही भांडवलच आहे आणि तेही दरवर्षी झिजते. तथापि, आपल्या घरखर्चाच्या वहीत या झिजेसाठी रकानाच नसतो.

एखाद्या जाणकार अभियंत्याबरोबर वीस-तीस वर्षांच्या इमारतीची पाहणी केली, तर जवळजवळ सर्वत्र तेच दोष आढळतात. गच्चीवरचा कोबा तडकलेला असतो आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी तोंडे पालापाचोळ्याने बुजलेली असतात. न्हाणीघराच्या फरशीचे सांधे उघडे पडल्याने खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल धरते. सांडपाण्याच्या नळाशेजारी भिंतीत पिंपळाने मूळ धरलेले असते. दाराच्या चौकटी वाळवीने आतून पोखरलेल्या असतात. जुन्या तारांवर नव्या विद्युत उपकरणांचा भार पडलेला असतो, आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घातलेली असते. वस्तुतः फ्यूज उडणे हा इशारा असतो. जाड तार घालून आपण तो इशाराच बंद करतो आणि भिंतीतील तार तापू लागते.

यांतील कोणताही दोष प्रथम दिसतो तेव्हा क्षुल्लकच असतो. परंतु फटीतून झिरपणारे पाणी काँक्रीटमधील सळ्यांपर्यंत पोचले की लोखंड गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने काँक्रीटला आतून तडा जातो, पोपडे गळतात, आणि उघड्या पडलेल्या सळ्यांवर हवापाण्याचा मारा अधिकच वाढतो. म्हणजे दुरुस्ती लांबणीवर टाकल्याने तिचा खर्च वाचत नाही. तो चक्रवाढ दराने वाढत जातो. फट बुजवण्याचे काम पुढे खांब सावरण्याचे काम होऊन बसते.

हे दुर्लक्ष कोठवर नेते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत माझगाव येथील महापालिका कर्मचाऱ्यांची बाबू गेनू मंडई इमारत कोसळून ६१ जणांचे प्राण गेले. ती काही शतकापूर्वीची चाळ नव्हती; तिचे वय सुमारे ३३ वर्षांचे होते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडून १७ जण दगावले. तेथे तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला.

मुंबईच्या जुन्या चाळींच्या दुरवस्थेचे एक आर्थिक कारण सर्वपरिचित आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. चुना, सिमेंट व मजुरी यांचे दर वाढत गेले, भाडे मात्र तेथेच राहिले. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटेना. भाडे असे कायमचे गोठवणे कालांतराने अवाजवी ठरले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. पुढे २००० साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीस मुभा दिली.

त्या मालकांना आणि त्या कायद्याला आपण सहज नावे ठेवतो. परंतु सहकारी गृहनिर्माण संस्थेत मालकही आपणच आणि रहिवासीही आपणच. तेथे आपण काय केले? आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्षाला जमा करावयाचे असतात. हा बांधकाम खर्च मूळचा, इमारत बांधली तेव्हाचा. समजा, १९८५ साली एका सदनिकेचा बांधकाम खर्च एक लाख रुपये होता. दोन्ही निधी मिळून वर्षाला १,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८३ रुपये होतात. आज त्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागत नाही. उपविधींनी किमान मर्यादा सांगितली आहे; ती वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. मात्र वाढीचा ठराव मांडणारा चिटणीस अप्रिय होतो आणि वर्गणी न वाढवणारी समिती कार्यक्षम ठरते. आपले भाडे आपणच गोठवले आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना वाढीव वर्गणी झेपत नाही, हा पहिला. तो खरा आहे. पण एकरकमी मोठी आकारणी त्यांना त्याहूनही झेपत नाही. दरवर्षी थोडी वाढ, हीच त्यांच्या दृष्टीने सोयीची. पुनर्विकास होणारच आहे, मग खर्च कशाला, हा दुसरा. विकासकाशी बोलणी सुरू होण्यापासून घर रिकामे करण्यापर्यंत कैक वर्षे जातात, आणि त्या वर्षांत छत आपल्याच डोक्यावर असते. शिवाय, जेथे जमिनीला मुंबई-पुण्याचा भाव नाही, अशा गावी विकासक फिरकेलच याची शाश्वती नाही.

उपाय अवघड नाहीत. वर्षातून दोनदा, मे महिन्यात व पावसाळा सरल्यावर, सभासदांनी गच्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पाहणी करून दोषांची नोंदवही ठेवावी. १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी उपविधींनी सांगितलीच आहे; तिचा अहवाल कपाटात न ठेवता सभेत वाचून दाखवावा. निधीची आकारणी मूळ खर्चावर न करता आजच्या बांधकाम दरावर करावी.

घसारा हिशेबात धरला नाही म्हणून झीज थांबत नाही. तिचे देयक फक्त पुढच्या पिढीच्या नावे जाते. मुलांसाठी घर ठेवून जाण्याची आस बाळगणाऱ्या प्रत्येकाने येत्या वार्षिक सभेत हात वर करताना एवढे ध्यानात ठेवावे.