शाईतला खलाशी

वाचकहो, आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे, पण समुद्र मात्र कोसो दूर. मग दोर ओढणाऱ्या खलाशाचे चित्र आपल्याला काय कळणार, असे म्हणू नका. ते पारखावे तुम्हीच.

गोव्याचे मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांची पदवी इतिहासाची. तरुणपणी ते गावातली माणसे रोजच्या वहीत रेखाटत. पुढे त्यांच्या शाईच्या रेघांनी गोव्यातले मच्छीमार, बाजार, घरे घरोघर पोचवली. २०१२ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

शाईचे काम अवघड. पेन्सिलीची रेघ खोडता येते, शाईची नाही. सावली हवी तर बारीक रेघा जवळजवळ ओढायच्या. पाणी हवे तर पुष्कळदा कागद कोराच सोडायचा.

आता असे एखादे चित्र समोर आले, तर आधी खलाशाचे पाय बघा. दोर ताणलेला असेल तर टाच रोवलेली हवी, अंग मागे झुकलेले हवे. दोर ताठ आणि माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा सरळ, तर चित्र फसले. चिखलात रुतलेली बैलगाडी ज्याने ओढून काढली, त्याला हे शिकवावे लागत नाही.

घरातले पोर वहीच्या कोपऱ्यात चित्र काढते म्हणून रागावू नका. डवरा हाकणारा बाप, कापूस वेचणारी आई त्याला पेनाने काढू द्या. मग जवळ बसून एवढेच विचारा, "बाळा, ह्यात जोर कुठे लागला ते दाखव बरे."