डॉक्टर लेनपलीकडचे नांदेड

ढाणकीचा जिल्हा यवतमाळ, पण पैनगंगेकाठच्या या भागाचे जाणे-येणे नांदेडशी. दुखणे हाताबाहेर गेले की डॉक्टर लेन, पोरगा अकरावीत गेला की नीटचे क्लास, लग्न जुळले की बस्त्यासाठी वजिराबाद आणि मुंबई-पुण्याला निघायचे तर रेल्वे स्टेशन. वर्षातून चारदा नांदेडला जाणारी माणसे घरटी सापडतात, पण नांदेड पाहायला गेलेला माणूस सापडणे कठीण. मित्रांमध्ये दोन दिवसांच्या सहलीचा विषय निघाला की चर्चा हैदराबादपासून सुरू होते आणि सुट्ट्या व पैसे यांचा मेळ न बसल्याने बहुधा तिथेच संपते. जवळचे शहर यादीतच नसते, हे त्या शहराचे नव्हे, यादी करणाऱ्यांचे उणेपण आहे.

नांदेडला जाण्याचे रस्ते दोन. एक गांजेगावचा पूल ओलांडून हिमायतनगर आणि भोकरवरून, दुसरा उमरखेड, हदगाव आणि अर्धापूरवरून. पहिल्या रस्त्यावरचा पूल नुसता पूल नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हापासून नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे हैदराबाद संस्थान अशी वाटणी झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात पलीकडच्या कार्यकर्त्यांची छावणी अलीकडे उमरखेडला होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले, पण नदी ओलांडताना ‘मराठवाड्यात चाललो’ हे शब्द आजही तोंडी येतात. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. तिथले परमेश्वर मंदिर वाटेतच पाहून होते, त्यासाठी वेगळा दिवस लागत नाही.

नांदेडचा मुख्य भाग अर्थातच तख्त सचखंड श्री हजूर साहिब. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि गोदावरीकाठी थांबले. माधोदास नावाचा बैरागी त्यांना इथेच भेटला आणि पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात मोगलांशी लढला. शहरातला बंदा घाट त्याच्या नावाचा. हल्लेखोराच्या वाराने जखमी झालेल्या गुरूंनी आपल्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथ साहिब हाच गुरू, असे इथेच सांगितले आणि ७ ऑक्टोबर १७०८ ला देह ठेवला. जिथे अंत्यसंस्कार झाले त्या जागेवरची खोली म्हणजे अंगीठा साहिब. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. लाहोरच्या राजाने निजामाच्या मुलखात एवढे बांधकाम उभे केले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवी होती.

तासाभरात दर्शन उरकून गाडीत बसणाऱ्यांना यातले थोडेच दिसते. इथल्या कित्येक रीती पंजाबातल्या गुरुद्वारांत नाहीत. पहाटे, खरे तर मध्यरात्र उलटल्यावर, गोदावरीतून गागर भरून आणली जाते आणि त्या पाण्याने आतली जागा धुतली जाते. संध्याकाळी दिव्यांची आरती होते. त्यानंतर गुरूंची शस्त्रे एकेक करून भाविकांना दाखवतात. म्हणजे तिथली एक संध्याकाळ आणि एक पहाट हाताशी हवी. मुक्कामाची गरज आहे ती यासाठी, आणि परिसरातल्या यात्री निवासांमुळे तो फारसा महागही पडत नाही. दसरा आणि होळीच्या सुमारास हल्लाबोलची मिरवणूक निघते. त्या दिवसांत खोली मिळण्याची आशा धरू नये.

मराठी माणसाला इथे परके वाटायचे कारण नाही. गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत आणि नामदेवांचे नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. लंगरात जेवायला बसतात त्या रांगेलाही पंगतच म्हणतात. डोके झाकणे आणि पाय धुऊन आत जाणे हे नियम सगळे पाळतात. अडचण येते ती खर्ऱ्याची. शीख धर्मात तंबाखू पूर्ण निषिद्ध आहे. खर्ऱ्याची पन्नी खिशात ठेवून ‘खात तर नाही ना’ म्हणणारा एक जण प्रत्येक टोळीत असतो. त्याची झडती मित्रांनीच गाडीत घ्यावी.

बाकीचे शहर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहून होते. नगीना घाट गुरुद्वाऱ्यापासून पायी जाण्याइतका जवळ आहे. नदीकाठच्या नंदगिरी किल्ल्याची फार मोठी अपेक्षा ठेवू नये, पण तटावरून दिसणारी गोदावरी चुकवू नये. नदीपलीकडे विष्णुपुरीला धरणाच्या जलाशयाकाठी काळेश्वराचे मंदिर आहे. वाचणाऱ्यांच्या टोळीने स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभे राहिलेले पीपल्स कॉलेज बाहेरून तरी पाहावे. नरहर कुरुंदकर तिथे प्राचार्य होते.

कंधारचा राष्ट्रकूटकालीन किल्ला मात्र या फेरीत कोंबू नये. जाऊन-येऊन त्यात एक दिवस जातो. सहस्रकुंडचा धबधबा तर घरचाच आहे, तो पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी पाहून होतो. जिल्हा आला म्हणून जिल्ह्यातले सगळे पाहायचे, या हट्टापायी बहुतेक सहली गाडीच्या काचेतून पाहिल्या जातात.

टोळीचे गणित सोपे आहे. सात-आठ जणांना एक क्रूझर पुरते. वर्गणी निघण्याआधी गोळा करून एकाच्याच हाती द्यावी आणि किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा भत्ता व मुक्कामाचे पैसे गाडी ठरवतानाच बोलून घ्यावेत. यावरून परतीच्या वाटेवर अबोला धरलेल्या टोळ्या कमी नाहीत. ज्यांना बाजार करायचा आहे त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास वजिराबादेत मोकळे सोडावे. घरून सांगितलेल्या वस्तूंची यादी प्रत्येकाच्या खिशात असतेच.

पावसाळ्यात निघायचे असेल तर गांजेगावच्या पुलावर पाणी आहे का, ते आधी विचारावे. असेल तर गाडी सरळ उमरखेडवरून घ्यावी.