गोळ्या फुकट, पण खाडा कोण भरणार?

‘ताई, गोळ्या फुकटच हायेत वो. पन त्या आनायला जायचं, तर खाडा कोन भरनार?’

बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड बाईचा हा प्रश्न माझ्या मनातून जाता जात नाही. नवरा एड्सने गेला. तिलाही एचआयव्ही, त्यात क्षयाची भर. पण उचल घेतलेली! दिवाळीनंतर टोळी निघाली तशी तीही भावाबरोबर फडावर गेली. खोकला अंगावर काढत पहाटेपासून ऊस तोडायचा. एक दिवस चुकला की मुकादम दंड लावणार. मग परमुलखात सरकारी दवाखाना शोधायचा कधी? गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच.

‘बाईच निष्काळजी,’ असं आपण पटकन म्हणून मोकळ्या होतो. पण कागदावर तर सगळं आहे! एचआयव्हीची औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. क्षयाचीही मोफतच, आणि साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. क्षयरुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला कायद्यानेच बंदी आहे. मग अडतं कुठे? अडतं ते दवाखान्याच्या वाटेवर.

हे दोन्ही आजार हातात हात घालून येतात. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावली की अंगात दबून बसलेला क्षय डोकं वर काढतो. औषधं मध्येच सोडली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणूनच माणूस जिथे जाईल तिथे औषध पोचायला हवं. टोळी निघण्याआधीच तपासणी व्हावी. एचआयव्हीच्या काही महिन्यांच्या गोळ्या सोबत द्याव्यात. क्षयाचा उपचार कारखान्याजवळच्या केंद्रात पुढे चालू राहावा, आणि दोन्ही आजारांसाठी दोन खेपा पडू नयेत. दवाखान्याचा दिवस खाडा धरायचा नाही, हे कारखान्यांनीच मुकादमांना बजावायला हवं.

आणि आपण? खरं सांगते, घरी कामाला येणाऱ्या मावशींचा ‘दवाखान्याचा’ खाडा मीही एकदा कापला होता. आज त्याची लाज वाटते. मैत्रिणींनो, तुमच्याकडच्या मावशी दोन आठवडे खोकत असतील तर ‘येऊ नका’ म्हणण्याआधी त्यांना थुंकी तपासायला पाठवा. त्या दिवसाचा पगार मात्र कापू नका!