विद्यापीठांनी पुस्तके काढायला हवीत

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. गोविंदप्रभूंचे हे गाव. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र इथेच सिद्ध केले, असे महानुभाव परंपरा मानते. हे विद्यापीठ होण्याच्या चाळीस वर्षे आधी, 1984 मध्ये, गोविंदप्रभूंच्या चरित्राचा ॲन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद न्यूयॉर्कमधून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथाचा त्यांनी आणि शं. गो. तुळपुळे यांनी मिळून केलेला अनुवाद 1992 मध्ये हवाई विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने छापला. महात्मा फुल्यांवरचा रोझलिंड ओ’हॅनलन यांचा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाचा, 1985 चा. नामदेवांच्या स्मृतिपरंपरेवरचा आणि नंतर लीळाचरित्र-ज्ञानेश्वरीच्या काळावरचा ख्रिश्चन नोवेत्स्के यांचा ग्रंथ कोलंबिया विद्यापीठाचा, अनुक्रमे 2008 आणि 2016 चा. परक्यांनी आपल्यावर लिहिले याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्यांनी निष्ठेने काम केले आहे आणि त्यांच्या विद्यापीठांनी ते जपून वाचकांपर्यंत पोहोचवले आहे. प्रश्न आपल्या विद्यापीठांचा आहे. आपल्या प्रांताचा इतिहास, संस्कृती आणि कविता नेटकेपणाने संपादित करून छापणे आणि ती पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या उपलब्ध ठेवणे हे त्यांनी आपले काम मानलेले नाही. ते त्यांचेच काम आहे, आणि एकेकट्याने जमत नसेल तर सगळ्यांनी मिळून ते उभे करावे, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची नावे पाहा. मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र, गोंडवाना, सोलापूर, अमरावती. त्यांच्या स्थापनेमागे प्रांताची अस्मिता होती, लढे होते. मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर 1994 मध्ये झाले ते दीर्घ आणि रक्तरंजित संघर्षानंतर. ज्या नावांसाठी माणसे एवढी झटली, त्या नावांच्या संस्थांनी त्या भूमीबद्दलची किती पुस्तके काढली, याचा हिशेब कोणी मागत नाही. प्रकाशन विभाग कागदोपत्री पुष्कळ ठिकाणी असतो. त्यातून वार्षिक अहवाल निघतो, चर्चासत्राच्या निबंधांचा संग्रह निघतो, पदवीदान समारंभातले भाषण निघते. प्रांताच्या इतिहासावर डॉक्टरेट मिळवणारे संशोधक दरवर्षी तयार होतात, त्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतात आणि तिथेच राहतात. बढतीसाठी आयएसबीएन क्रमांक असलेले पुस्तक उपयोगी पडते म्हणून बरेच प्राध्यापक पदरचे पैसे भरून ते छापून घेतात. अशा पुस्तकावरून संपादकाची नजर फिरलेली नसते, त्याला सूची नसते आणि ते दुकानात कुठे मिळतही नाही.

आपल्याकडे हे कधी जमलेच नाही असे मात्र नाही. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड संपादित केले आणि ते त्याच विद्यापीठाच्या नावाने निघाले. करवीरच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला ते आजही हाताशी लागतात. पण ते एका कर्त्या इतिहासकाराने आपल्या अधिकाराच्या बळावर करून घेतलेले काम होते. दुसरीकडे वि. भि. कोलते यांचे उदाहरण घ्या. ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, महानुभाव वाङ्मयाचे मोठे संशोधक. त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र 1978 मध्ये निघाले ते राज्य साहित्य संस्कृती मंडळाकडून. कुलगुरूपदावरच्या विद्वानालाही आपल्या विद्यापीठात प्रकाशनाची घडी बसवता येऊ नये, हे व्यक्तीचे अपयश म्हणता येणार नाही. तशी घडी असावी ही अपेक्षाच आपल्या विद्यापीठीय कल्पनेत नव्हती.

ती कल्पना भारतात कशी रुजू शकते याचे उत्तम उदाहरण शंभर वर्षांपूर्वीच्या कलकत्त्यात सापडते. पूर्व बंगालमधल्या मैमनसिंह जिल्ह्यातले चंद्रकुमार दे हे गरीब घरातले, जेमतेम शिकलेले गृहस्थ. गावोगावच्या गायकांकडून ऐकलेल्या कथागीतांवर त्यांनी ‘सौरभ’ नावाच्या स्थानिक मासिकात लेख लिहिले. ते दिनेशचंद्र सेन यांच्या वाचनात आले. सेन कलकत्ता विद्यापीठात बंगाली शिकवत. आशुतोष मुखर्जी तिथले कुलगुरू राहिलेले, आणि भारतीय भाषांना पदव्युत्तर वर्गात जागा त्यांनीच मिळवून दिली होती. विद्यापीठाने दे यांना पगार देऊन गीते गोळा करायला नेमले. त्यातून 1923 मध्ये कलकत्ता विद्यापीठाने ‘मैमनसिंह गीतिका’ छापली. महुआ, मलुआ, चंद्रावती अशी दहा कथागीते तीत आहेत. सोबत इंग्रजी अनुवादाचे खंडही 1932 पर्यंत निघत राहिले. पुढे याच प्रकल्पात तरुण कवी जसीमुद्दीन संकलक म्हणून आले. गोळा करणाऱ्याने गीतांवर हात फिरवला की काय, असा वाद बंगालीत पुष्कळ झाला. तो रास्तच होता, आणि छापील संहिता सर्वांसमोर होती म्हणूनच तो होऊ शकला. ज्या गीतांना सुशिक्षित बंगाली समाज गावंढळ समजत होता त्यांना विद्यापीठाच्या शिक्क्याने मान मिळाला, आणि आज बांगलादेशच्या रंगभूमीवर महुआ पुन्हा पुन्हा उभी राहते. शेजारच्या कर्नाटकातही हीच दृष्टी दिसते. म्हैसूर विद्यापीठाच्या प्रकाशन शाखेला ‘प्रसारांग’ म्हणतात. 1991 मध्ये हंपीला कन्नड विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्यानेही प्रसारांग ठेवला आणि खेडोपाडी गायली जाणारी लोकमहाकाव्ये छापली.

आता आपल्याकडचे बघा. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघाले. मुलगा कवी नसता, किंवा त्याची अत्र्यांशी गाठ पडली नसती, तर मराठी कवितेतला हा ठेवा शेतातच मिटला असता. एका भाषेचा एवढा मोठा ऐवज योगायोगाच्या भरवशावर राहिला, ही मला फार गंभीर गोष्ट वाटते. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचे नाव दिले हे योग्यच झाले. त्या नावाला साजेसे काम म्हणजे त्यांच्या लेवा गणबोलीत आज गाणाऱ्या-रचणाऱ्या बायकांच्या वह्या शोधणे आणि नीट छापणे. हे ‘नीट’ किती अवघड आहे हे छापणाऱ्यालाच कळते. लेवा गणबोलीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो. पुण्या-मुंबईचा मुद्रितशोधक असा शब्द दिसला की सवयीने ‘दुरुस्त’ करतो, आणि त्या दुरुस्तीत यमकही जाते, लयही जाते. उच्चार कुठे जसाच्या तसा ठेवायचा, अनुस्वाराचे काय करायचे, एकाच ओवीचे तीन गावचे तीन पाठ असतील तर मूळ पानावर कोणता आणि तळटीपेत कोणते, असे निर्णय प्रत्येक ओळीवर घ्यावे लागतात. त्यासाठी बोली जाणणारा संपादक पगारावर लागतो, आणि एका पुस्तकाचा अनुभव दुसऱ्या पुस्तकाला उपयोगी पडेल अशी संस्था लागते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या काव्याचा एवढा प्रचंड संग्रह उभा राहिला तो विद्यापीठांच्या बाहेर, काही माणसांच्या चिकाटीवर.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सरकारचे साहित्य संस्कृती मंडळ 1960 पासून हेच करत आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आणि धुळ्याचे राजवाडे मंडळ 1927 पासून आहे. आणखी एक संस्था कशाला? या संस्थांचे ऋण मोठे आहे. पण सरकारी प्रकाशनाची मर्यादा आपण डोळ्यांनी पाहिली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड 1979 पासून राज्य सरकार काढते. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. या खंडांइतकी मागणी महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या ग्रंथाला असेल. तरीही छपाई रखडली, कोट्यवधींचा कागद पडून राहिला, आणि ‘लोकसत्ता’च्या बातमीवरून डिसेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. लेखक थोर, वाचक उत्सुक, पैसा मंजूर, आणि पुस्तक मात्र मिळत नाही. कारण समितीची मुदत संपते, सचिव बदलतो, फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते. प्रकाशनगृहाचे निम्मे काम पुस्तक निघाल्यानंतर सुरू होते. साठा पाहायचा, पुनर्मुद्रण वेळेवर करायचे, विक्रेत्याला सूट द्यायची, ग्रंथालयांना यादी पाठवायची. हे काम वर्षाचे बारा महिने करणारी माणसे असावी लागतात.

पैशाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, तिथे प्रकाशनगृह ही चैन वाटू शकते. अमेरिकेतही हा वाद झाला आहे. मिसुरी विद्यापीठाने 2012 मध्ये आपले प्रकाशनगृह बंद करण्याची घोषणा केली. वाचवायचे होते वर्षाला सुमारे 4 लाख डॉलर. त्याच राज्यात जन्मलेल्या लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीचे समग्र वाङ्मय याच प्रकाशनगृहाने काढले होते. लेखक आणि वाचक उठले, काही लेखकांनी आपल्या पुस्तकांचे हक्क परत मागितले, आणि त्याच वर्षी विद्यापीठाला निर्णय फिरवावा लागला. पण आपल्याला अधिक उपयोगी उदाहरण केंटकीचे आहे. तिथल्या विद्यापीठाचे प्रकाशनगृह 1943 चे. 1969 मध्ये ते राज्यातल्या सर्व सरकारी विद्यापीठांचे, काही खासगी महाविद्यालयांचे आणि इतिहास मंडळांचे सामायिक प्रकाशनगृह झाले. सदस्य संस्थांचे प्रतिनिधी संपादक मंडळावर असतात. संपादन, निर्मिती आणि विक्री एकाच ठिकाणी होते. आपल्या डोंगराळ ॲपलाचियन भागाचा इतिहास ते छापते, कविता छापते, आणि तिथली मद्ये, तिथला स्वयंपाक यांवरची खपाची पुस्तकेही काढते. वऱ्हाडी स्वयंपाक, खानदेशातल्या नद्या, मराठवाड्यातली लेणी, झाडीपट्टीची नाटके या विषयांवरच्या चांगल्या पुस्तकांना आपल्याकडे वाचक नाही, असे कोणी म्हणू नये. 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये राज्यात अकरा-बारा हजार आहेत. त्यातल्या दहातल्या एकाने जरी पुस्तक घेतले तरी पहिली आवृत्ती संपते. प्रत्येक विद्यापीठाने आपापला विभाग चालवणे परवडणार नाही, हे खरे. सगळ्यांनी मिळून एक चालवणे परवडते.

सर्वांत खरा आक्षेप वशिल्याचा आहे. विद्यापीठाचे प्रकाशनगृह म्हणजे कुलगुरूंच्या मर्जीतल्यांची पुस्तके, अधिसभेतल्या गटांची वाटणी, अशी भीती कोणी बोलून दाखवली तर तिला उत्तर द्यावेच लागेल. सामायिक रचना हेच तिचे पहिले उत्तर आहे, कारण दहा विद्यापीठांच्या मंडळात एका कुलगुरूचा शब्द चालत नाही. दुसरे असे की प्रत्येक हस्तलिखित बाहेरच्या दोन जाणकारांकडे जावे, त्यांचे लेखी मत मंडळापुढे यावे आणि त्याशिवाय पुस्तक स्वीकारूच नये. तिसरे म्हणजे पहिली काही वर्षे पदावर असलेल्या कुणाही अधिकाऱ्याचे पुस्तक घेऊ नये. याच आक्षेपाला लागून दुसरी भीती येते, ती वादाची. 2004 च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तो ऑक्सफर्डने काढलेल्या पुस्तकावरून. प्रकाशकाने ते आधीच मागे घेतले होते. जगातले सर्वांत बलाढ्य विद्यापीठीय प्रकाशनगृह जिथे माघार घेते तिथे जळगाव किंवा गडचिरोलीच्या विद्यापीठाने काय करावे? माझे उत्तर असे की मूळ कागदपत्रे, पाठभेदांसह संहिता, गावोगावच्या तोंडी परंपरांच्या काळजीपूर्वक केलेल्या नोंदी, ही पुस्तके आधी यावीत. साधने सर्वांच्या हाती असतील तर वाद कागदावर येतो. ती मोजक्यांच्या कपाटात राहिली की अफवेला मोकळे रान मिळते. राजवाड्यांनी 1898 पासून साधनांचे खंड काढले तेव्हा त्यांची हीच निष्ठा होती.

कवितेचे काय, तो तर संशोधनाचा विषय नाही, असेही कोणी विचारील. येल विद्यापीठ 1919 पासून नवकवींच्या संग्रहांची माला चालवते. लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने काढलेल्या कवितासंग्रहांना 1986, 1997 आणि 2006 मध्ये पुलित्झर मिळाले. मराठीत कवितेचा भार लघुनियतकालिकांनी आणि ध्येयवेड्या छोट्या प्रकाशकांनी वाहिला आहे. कोलटकरांच्या मराठी कविता अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने काढल्या, आणि त्या निर्मितीतली नजर मोठ्या प्रकाशकांनाही साधलेली नाही. अशा माणसांची जागा विद्यापीठ घेऊ शकत नाही, घेऊही नये. पण एका व्यक्तीच्या खांद्यावर चालणारे प्रकाशन त्या व्यक्तीच्या उमेदीपुरते असते, आणि गोंडी, कोरकू, गोरमाटी, अहिराणीत लिहिणाऱ्या कवीला तर तो खांदाही मिळत नाही. त्याच्यापुढे आज दोनच वाटा आहेत: स्वतःच्या पैशाने तीनशे प्रती छापून वाटायच्या, किंवा वही पेटीत ठेवायची.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याबरोबर येणारा निधी चर्चासत्रे आणि स्वागत समारंभांत विरून जाण्याआधी त्याचा एक ठरलेला भाग सामायिक प्रकाशनगृहासाठी बाजूला काढावा. कार्यालय रिद्धपूरला असू शकते. संपादक मात्र जळगाव, नांदेड, गडचिरोली, कोल्हापूर अशा ठिकाणी, आपापल्या बोलीच्या मुलखात बसावेत. सुरुवातीला एक मुख्य संपादक, चार प्रांतसंपादक, एक मुद्रितशोधक आणि विक्री सांभाळणारा एक अनुभवी माणूस एवढी पदे पुरेत. ती नियमित असावीत, कंत्राटी नसावीत. पहिल्या यादीत वर्षाला दहाच पुस्तके असावीत आणि त्यांतली तीन कवितेची असावीत. या पुस्तकांच्या प्रती संपू न देण्याची जबाबदारी कोणाची, ते नियुक्तिपत्रातच लिहिलेले असावे.