शून्य किमतीचा प्राणी

मुलांच्या खेळण्यांकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. खेळणे म्हणजे जत्रेतून आणलेली वस्तू. चार दिवस खेळायचे, पाचव्या दिवशी मोडायचे आणि त्याची किंमत दुकानदाराला एकदाच देऊन मोकळे व्हायचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खेळण्यांची अशी एक जात निर्माण झाली आहे की, जिची किंमत घेताना द्यावी लागत नाही आणि पुढे मात्र ती देऊन कधी संपतही नाही. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर पाळावयाचे आभासी प्राणी हे तिचे ठळक उदाहरण. पालघरच्या नव्या इमारतीत काय किंवा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या भाड्याच्या खोलीत काय, असा प्राणी आणण्यास घरातला एक मोबाइल पुरतो. म्हणूनच या प्राण्याला रोज खरोखर खाऊ कोण घालतो आणि त्यावर पोसले कोण जाते, हा प्रश्न पालकांनी एकदा विचारून घेण्याची वेळ आली आहे.

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या बांदाई कंपनीने ‘तामागोची’ नावाचे अंड्याच्या आकाराचे खेळणे बाजारात आणले. त्यातला चिमुकला प्राणी भूक लागली की आवाज करी आणि दुर्लक्ष झाल्यास मरूनही जाई. वर्गात तास चालू असता मुले त्याला भरवू लागली, तेव्हा अनेक देशांतील शाळांना त्यावर बंदी घालावी लागली. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, अ‍ॅडम पॉवेल आणि डोना विल्यम्स या ब्रिटिश जोडीने ‘निओपेट्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. येथील प्राणी मरत नाहीत. कितीही दिवस उपाशी राहिले तरी केवळ मरणासन्न म्हणून नोंदले जातात. हा बदल दयाबुद्धीचा वाटतो, परंतु व्यापाराच्या दृष्टीने तो फार मोलाचा होता. मेलेल्या प्राण्याबरोबर गिऱ्हाईकही निघून जाते. मरणासन्न प्राणी मात्र गिऱ्हाइकाला पुन:पुन्हा बोलावीत राहतो. जून २००५ मध्ये व्हायाकॉम या अमेरिकी माध्यमसमूहाने हे संकेतस्थळ सोळा कोटी डॉलरना विकत घेतले. २००७ मध्ये डिस्ने कंपनीने ‘क्लब पेंग्विन’ या मुलांच्या संकेतस्थळासाठी पस्तीस कोटी डॉलर मोजले. मुलांना फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी व्यापारी एवढे मोल का देतात, याचे उत्तर त्या खेळाच्या रचनेतच आहे.

एक तास मुलांसोबत

ते उत्तर शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे पालकाने सुटीच्या दिवशी मुलांना शेजारी घेऊन असे एखादे संकेतस्थळ उघडून पाहणे. पहिल्या काही मिनिटांत मूल प्राण्याची जात ठरवते, रंग ठरवते आणि त्याचे नाव ठेवते. नाव ठेवणे ही साधी क्रिया नाही. गोठ्यातल्या वासराला नाव मिळाले की ते विकताना घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी का येते, हे शेतकऱ्याच्या घरात कोणालाही सांगावे लागत नाही. नाव दिले की जिव्हाळा जडतो. संकेतस्थळाची सारी उलाढाल या जिव्हाळ्याच्या भांडवलावर उभी असते आणि ते भांडवल मूल स्वत:हून पुरवीत असते.

पुढच्या अर्ध्या तासात मूल एका लहानशा अर्थव्यवस्थेत शिरते. प्राण्याला खाऊ हवा, खाऊसाठी नाणी हवीत, नाणी मिळवण्यासाठी छोटे छोटे खेळ खेळावेत. दुकाने आहेत, लिलाव आहेत, बँक आहे, शेअर बाजारसुद्धा आहे. ज्याच्याजवळ ठरावीक रकमेहून कमी नाणी आहेत, त्याच्या प्राण्यांना फुकट सूप मिळण्याची सोय आहे. दुर्मिळ वस्तूची किंमत कशी चढते, सर्वांच्या हाती नाणी खुळखुळू लागली की त्याच वस्तूला जास्त नाणी का पडतात, हे बारावीच्या पुस्तकातील प्रकरण दहा वर्षांच्या मुलाला येथे अनुभवाने कळू शकते. आपले पान सजवण्याच्या हौसेपोटी याच संकेतस्थळावर संगणकाच्या सांकेतिक भाषेची पहिली अक्षरे गिरवलेली अनेक मुले पुढे त्या व्यवसायात शिरली, हेही मान्य केले पाहिजे. तेव्हा हा सारा प्रकार म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असे म्हणून हात झटकणे न्यायाचे होणार नाही.

परंतु याच ठिकाणी पालकाने मुलाला एक प्रश्न विचारावा. त्या बँकेतले व्याज कसे मिळते? उत्तर मोठे बोधप्रद आहे. व्याज आपोआप जमा होत नाही. दररोज संकेतस्थळावर येऊन ते स्वत: उचलावे लागते, ज्या दिवशी मूल आले नाही त्या दिवसाचे व्याज बुडाले. पूर्वी आपल्या शाळांतून ‘संचयिका’ या अल्पबचतीच्या योजनेत मुले चार-आठ आणे ठेवीत. मूल तापाने घरी पडले म्हणून त्याचे त्या दिवसाचे व्याज कोणी कापले नाही, कारण व्याज हे बचतीचे बक्षीस होते. येथे ते हजेरीचे बक्षीस आहे. रोजचा फुकट खाऊ आणि रोजची सोडत यांचे धोरणही हेच आहे. या दुकानात प्राणी ही विकाऊ वस्तू नसून मुलाची रोजची हजेरी ही ती वस्तू आहे आणि तिचा खरेदीदार पडद्यामागे आहे.

हजेरीचा व्यापार

हा खरेदीदार प्रथम जाहिरातदाराच्या रूपाने आला. जाहिरात वेगळ्या चौकटीत न दाखवता तिला खेळाच्याच जगात दुकान म्हणून, वस्तू म्हणून वा खेळ म्हणून वसवण्याचे तंत्र या संकेतस्थळांनी लवकर आत्मसात केले. मोठ्या माणसाला जाहिरात ओळखता येते. आठ वर्षांच्या मुलाला आपल्या लाडक्या प्राण्याने खाल्लेला खाऊ जाहिरात वाटत नाही. पुढे दुसरी पायरी आली. निओपेट्सवर २००७ पासून खऱ्या पैशाने विकत घ्यावयाचे दुसरे चलन सुरू झाले. कॅनडाच्या गँझ कंपनीने तर २००५ मध्येच ‘वेबकिन्झ’च्या रूपाने कापडी खेळणे आणि पडद्यावरचा प्राणी यांची सांगड घातली, खेळण्यासोबतच्या सांकेतिक अंकांनी आभासी घराचे दार उघडे, परंतु ठरावीक मुदतीपुरतेच. रुपयाचे आधी नाण्यांत आणि नाण्यांचे खाऊत रूपांतर झाले की रुपया खर्चल्याची जाणीव बोथट होते. मुलांच्या बाबतीत तर ती मुळातच कोवळी असते.

तिसरी किंमत माहितीची. नाव, जन्मतारीख, ई-मेल, कोणत्या वेळी मूल जागे असते आणि कशाने परत येते, हा सारा तपशील कोणाच्या तरी दप्तरी जमा होतो. जुलै २०२२ मध्ये निओपेट्सवरील सुमारे सहा कोटी नव्वद लाख खात्यांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले. आणि एवढे करून प्राणी मुलाच्या मालकीचा होतो काय? ‘क्लब पेंग्विन’ मार्च २०१७ मध्ये बंद झाले, ‘मॉन्स्टर’ पाळण्याचे ब्रिटनमधील ‘मोशी मॉन्स्टर्स’ डिसेंबर २०१९ मध्ये. मुलांनी नावे ठेवलेले प्राणी एका व्यापारी निर्णयासरशी नाहीसे झाले. ज्या प्राण्याला मरण नाही असे सांगितले जाते, तोही ताळेबंदाच्या एका रेघेने मरतो. त्यात मुलाच्या निष्काळजीपणाचा वा प्रेमाचा काहीच संबंध नसतो.

बोईसरच्या खोलीचा हिशेब

तथापि, सारा दोष त्या संकेतस्थळाच्या माथी मारणे हे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. मूल आभासी प्राण्याकडे का वळते, हा मागणीचा प्रश्न आहे आणि मागणी नेहमी तुलनात्मक किमतीवर ठरते. तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून आणि उत्तर प्रदेश-बिहारपासून माणसे कामाला आली. पाळीनुसार काम, भाड्याची एक वा दोन खोल्यांची जागा, पाण्याची मोजदाद, अंगण नाही. अशा घरात कुत्र्याचे पिल्लू वा मांजर पाळायचे म्हटले तर घरमालकाची नाराजी, शेजाऱ्यांची कुरकुर, खाण्याचा खर्च आणि रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाची मोडलेली झोप, एवढी त्याची किंमत होते. पालघरच्या सोसायट्यांतही चित्र फारसे वेगळे नाही. गाव उठते तेव्हा घराबरोबर गोठा आणि गुरचरणही उठते, ते पुनर्वसनाच्या हिशेबात सहसा धरले जात नाही. खऱ्या प्राण्याची किंमत अशी चढत गेली आणि पडद्यावरच्या प्राण्याची किंमत शून्य दिसू लागली, तर मुलाने दुसरा पर्याय निवडला यात त्याचा अविचार नाही. ती किंमत आपल्या नगररचनेने आणि आपल्या घरांनी ठरवलेली आहे.

याच जिल्ह्यातील वारली, कोकणा वा मल्हार कोळी पाड्यांवरच्या मुलांचे प्राण्यांशी असलेले नाते पाहिले म्हणजे आभासी प्राण्यात काय कमी आहे ते ध्यानात येते. तेथे कोंबडी आणि शेळी ही कुटुंबाची चालती-बोलती बचत असते. नड आली की तीच आठवडी बाजारात जाते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी वाघदेवाची पूजा करून गुरांची राखण मागतात. शेळी हरवली तर ती परत उगवत नाही आणि पोट भरल्यावर ती पुन्हा पुन्हा टाहो फोडून राखणाऱ्याला बोलावीतही नाही. तिची भूक खरी असते म्हणूनच ती भागते. पडद्यावरच्या प्राण्याची भूक भागावी अशी योजनाच नसते.

कुरणशाळेचा धडा

मात्र या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचेही कारण नाही. जे मूल दिवसभर शेळ्या राखते ते पुष्कळदा शाळेबाहेरचे मूल असते. हा पेच याच भागात पूर्वी एकदा सोडवला गेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दूषण दिले नाही, गुरे सोडून या असा हुकूमही काढला नाही. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ या नावाने तो प्रयोग शिक्षणाच्या इतिहासात नोंदला गेला. मूल जेथे आहे तेथे मोठ्यांनी जाऊन बसावे आणि त्याच्या हातात जे आहे त्यातूनच शिकवण्यास आरंभ करावा, हा त्यामागील विचार होता.

आजच्या मुलाचे कुरण पडद्यावर आहे. तेथे पालक आणि शिक्षक जाऊन बसले नाहीत तर तेथील शिकवणी दुसराच कोणी घेईल. कायदा काही अंशी मदत करील. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती करण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२३ मधील ग्राहक संरक्षणविषयक मार्गदर्शक सूचनांनी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार सांगितले; ग्राहकाला लाजवून होकार मिळवणे, सतत पिच्छा पुरवणे आणि जाहिरात लपवून दाखवणे हे त्यांतले तीन आहेत. परंतु संमतीची खूण करणारा पालक ती अट वाचणार नसेल, तर कायद्याची संमती हा एक उपचारच राहील. या अटी बहुधा इंग्रजीत असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाला आणि कारखान्यातल्या त्याच्या बापाला त्या सारख्याच परक्या असतात.

म्हणून सुरुवात घरातूनच व्हावी. आभासी प्राणी पाळायचा असेल तर अवश्य पाळावा. पण पहिले काही दिवस पालकाने शेजारी बसावे. मुलाला एक वही द्यावी. तीत रोज किती मिनिटे गेली, किती नाणी आली, कोणती जाहिरात दिसली आणि आज प्राण्याने बोलावले म्हणून आलो की आपल्याला यावेसे वाटले म्हणून, हे त्याने लिहावे. मोबाइलवर पैसे भरण्याचा गुप्त अंक मुलाला देऊ नये. एक आठवडा प्राण्याकडे मुद्दाम फिरकू नये आणि परतल्यावर तो कोणत्या शब्दांत तक्रार करतो ते मुलाबरोबर वाचावे. विक्रेत्याची भाषा ओळखण्याचा याहून स्वस्त धडा मिळणार नाही. शाळांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. पोषण आहारासोबत परसबागा फुलवणाऱ्या शाळांना चार कोंबड्यांचे खुराडे अशक्य नसावे. जनावरांच्या दवाखान्यात वर्गाची एक फेरी, जवळच्या पाड्यावर वा सातपाटीसारख्या गावात एक दिवस, यांना मोठा खर्च लागत नाही. नगरपरिषदेने आणि औद्योगिक वसाहतीने नव्या वस्तीच्या आराखड्यात मुलांना उघडे मैदान राखून ठेवले, तर खऱ्या जिवाशी मैत्रीची किंमत थोडी तरी उतरेल.

शून्य किमतीची वस्तू बाजारात नसते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. किंमत कोणी तरी, कोणत्या तरी चलनात चुकती करीतच असतो. ती आपल्या मुलांच्या सकाळ-संध्याकाळींतून परस्पर वळती होऊ द्यायची, की मुलांना शेजारी बसवून तिचा हिशेब त्यांच्याच हातून मांडून घ्यायचा, एवढाच निर्णय पालकांच्या हाती आहे, आणि तो या सुटीतही घेता येईल.