शिकार कुणाची, शिक्षा कुणाला?

आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात रानकोंबडा आणि तित्तर यांच्यावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. शिष्यवृत्ती थकल्या आहेत, अॅट्रॉसिटीचे खटले रेंगाळले आहेत, अनुशेष भरला जात नाही. अशा वेळी पाखरांची उठाठेव कुणी सांगितली? त्यांना उत्तर एकच आहे. ज्या देशात पाणवठा जातीने वाटून घेतला गेला, त्या देशात जंगलही जातीने आणि पैशाने वाटून घेतले गेले. एकाने पक्षी मारला तर तो शिकारी ठरला, त्याचा फोटो दिवाणखान्यात लागला. दुसऱ्याने तोच पक्षी मारला तर तो गुन्हेगार ठरला आणि त्याचा फोटो पोलीस ठाण्यात लागला. हा भेद ज्यांना कळतो, त्यांनीच या प्रश्नावर बोलले पाहिजे.

प्रथम पक्षी कोणते ते पाहू. इंग्रजीत ज्यांना फेझंट म्हणतात ते कोंबडीच्या कुळातले पक्षी. हिमालयातला मोनाल, ट्रॅगोपॅन, चीर हे त्यातले नावाजलेले. मोनालचा तुरा टोपीत खोवण्याच्या हौसेपायी हिमाचल प्रदेशात तो इतका मारला गेला की १९८२ साली तिथल्या सरकारला त्याच्या शिकारीवर बंदी घालावी लागली. आपल्याकडे याच कुळातले मोर, करडा रानकोंबडा, चकोत्री, तित्तर आणि लाव्हा आहेत. करडा रानकोंबडा भारताबाहेर कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. आपल्या घरच्या कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. परंतु तिच्या कातडीचा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीतल्या या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी जनुकांच्या अभ्यासातून दाखवले. म्हणजे जगभरच्या खुराड्यांत आपल्या डोंगरातल्या पाखराचा वाटा आहे.

या साऱ्या पक्ष्यांची एक अडचण आहे. ते जमिनीवर चरतात आणि बहुतेक जमिनीवरच अंडी घालतात. नर ओरडून आपली जागा स्वतःच सांगतो. ते ठरलेल्या पायवाटेने पाण्यावर येतात. म्हणून ते बंदुकीलाही सोपे, फाशालाही सोपे आणि वणव्यालाही सोपे.

आता इतिहास पाहू. इंग्लंडमध्ये १६७१ साली कायदा झाला. ज्याच्याकडे ठरावीक उत्पन्नाची जमीन, त्यालाच शिकारीचा हक्क. स्वतःच्या शेतात शिरलेला पक्षी मारण्याचीसुद्धा गरीब कुळाला मुभा नव्हती. ही मालमत्तेची अट जायला १८३१ साल उजाडावे लागले. शिकार हा पोटाचा विषय नसून प्रतिष्ठेचा विषय आहे, ही समजूत घेऊनच साहेब हिंदुस्थानात आला. इथल्या राजेरजवाड्यांना ती नवी नव्हतीच. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासोबत हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधील शिकारीच्या पक्ष्यांवर १८७९ ते १८८१ या काळात तीन खंडांचा ग्रंथ काढला. त्यांनी जमवलेली हजारो पक्ष्यांची कातडी पुढे लंडनच्या संग्रहालयात गेली. पक्षिशास्त्राला त्याचा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्यांनी त्या पक्ष्यांच्या वाटा दाखवल्या, फासे लावले, हाके घातले, त्या माणसांच्या वाट्याला काय आले?

त्यांच्या वाट्याला गुन्हेगार जमाती कायदा आला. १८७१ साली तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. फासेपारधी हे नावच मुळी फाशावरून पडले. तित्तर-लाव्हे फाशात धरून गावात विकणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. ज्या शतकात साहेबासाठी शिकारीचे देखणे ग्रंथ छापले गेले, त्याच शतकात अशा जमातींना जन्माने चोर ठरवणारा कायदा छापला गेला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. पाटी बदलली, नजर तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांतील जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींकडे बघण्याच्या याच नजरेवर बोट ठेवले आहे.

मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. पुढे अनेक राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावानंतर संसदेने संविधानाच्या कलम २५२ खाली १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा केला. तो चांगला कायदा आहे आणि त्याची गरज होती. पण अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होतेच. मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा. ज्याच्याकडे बंदूक, ओळख आणि फी भरायला पैसा होता, तो १९७२ नंतरही कायदेशीर शिकारी राहू शकत होता. परवान्याची ही वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणजे पारध्याचा फासा आधी गुन्हा ठरला आणि बंदूकवाल्याची हौस त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आज कायदा काय सांगतो? कलम ९ प्रमाणे शिकार बंद आहे. शिकार या शब्दात मारण्याबरोबर पकडणे, फासा लावणे, अंडी आणि घरटी मोडणे हे सारे येते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून एक लाखापर्यंत गेला. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. इथपर्यंत सारे ठीक.

परंतु कलम ५४ वाचा. ज्या गुन्ह्यात किमान कैद ठरलेली नाही, तो गुन्हा अधिकाऱ्याकडे रक्कम भरून मिटवता येतो. ही रक्कम पूर्वी २५ हजारांपर्यंत होती, आता पाच लाखांपर्यंत आहे. रक्कम वाढली म्हणून पर्यावरणवाद्यांनी टाळ्या वाजवल्या. वकील म्हणून मला दिसते ते वेगळे. फार्महाऊसचा मालक चेकबुक काढतो आणि घरी जातो. वाडीवरचा पोरगा जामीनदार शोधत आत बसतो. कायदा एकच, कलम एकच, पण एकाला ते दार आहे आणि दुसऱ्याला ती भिंत आहे. समान गुन्ह्याला खिशाप्रमाणे शिक्षा होत असेल तर संविधानाच्या कलम १४ चा अर्थ काय उरला?

आणि रानकोंबडा खातो कोण? आमच्या माजिवडा नाक्यावर शनिवारी सायंकाळी उभे राहून पाहावे. गाड्यांच्या रांगा एकीकडे घोडबंदरला, दुसरीकडे नाशिक महामार्गाला लागतात. पुढे शहापूर, मुरबाडकडे फार्महाऊस आहेत. पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. तिथल्या वारली पाड्यांना साध्या सोयींसाठी झगडावे लागते, आणि त्याच डोंगरातल्या बंगल्यांचा, हॉटेलांचा आणि रात्रीच्या गोंगाटाचा विषय वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत गाजतो आहे. पोल्ट्रीची कोंबडी गल्लोगल्ली मिळते, गावठीही मिळते. मग 'रानातले काही मिळेल का' ही विचारणा भुकेपोटी होत नाही. ती चवीची आणि मित्रांत मिरवण्याची असते. त्या एका विचारणेसाठी कुणीतरी पोरगा तारेचा फासा घेऊन रानात शिरतो. पकडला जातो तो पोरगा. गिऱ्हाईक हात धुऊन मोकळे होते.

वास्तविक कायदा गिऱ्हाईकाला सोडत नाही. कलम ३९ प्रमाणे बेकायदा मारलेला वन्यप्राणी आणि त्याचे मांस ही सरकारची मालमत्ता आहे. ते परवानगीशिवाय घेणे, जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. ताटात वाढून घेणारा हा फासा लावणाऱ्याइतकाच आरोपी होऊ शकतो. मग आरोपीच्या पिंजऱ्यात तो इतका कमी का दिसतो, याचे उत्तर वनखात्याने दिले पाहिजे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पक्षी केवळ शिकारीने कमी होतात असे नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सांगतो की, ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. त्याच अहवालात मोर मात्र वाढलेला दिसतो. कडक संरक्षण आणि लोकांची माया मिळाली तर पक्षी तग धरतो, हे त्यावरून समजते. ज्यांना ती मिळत नाही त्यांचे हाल वेगळे. माळराने नांगराखाली आणि प्लॉटखाली गेली की तित्तराला लपायला गवत राहत नाही. रानकोंबडीचा अंड्यांचा हंगाम बराचसा उन्हाळ्यात, आणि वणवे लागतात तेही उन्हाळ्यात. गावकडेची मोकाट कुत्री पिल्ले उचलतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला तीन बाजूंनी इमारतींनी वेढले आहे. त्याच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम हाती घेतले आहे. या साऱ्याचा हिशेब न करता एका फाशावर पर्यावरणाचा सगळा दोष ढकलणे म्हणजे मोठा चोर सोडून भुरट्याला बडवणे होय.

याच उद्यानातील झोपड्या काढण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. हजारो कुटुंबांच्या झोपड्या तुटल्या. जंगल वाचले पाहिजे यात वाद नाही. पण जंगल वाचवण्याची किंमत दर वेळी त्याच माणसांकडून का वसूल होते, हा आमचा प्रश्न आहे.

आता चळवळीतल्या काही तरुणांचा आक्षेप. ते म्हणतात, आज रानकोंबडा खाऊ नका म्हणता, उद्या आणखी काही खाऊ नका म्हणाल. गोमांसबंदीलाही असाच कायद्याचा आधार दिला होता. आक्षेप गंभीर आहे. २०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली तेव्हा गरिबाचे स्वस्त अन्न आणि कातड्याचा धंदा दोन्ही बुडाले. २०१६ साली उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली, पण कत्तलबंदी कायम ठेवली. त्या बंदीमागे एका धर्मभावनेचा आग्रह होता. बैल नामशेष होत नव्हता. रानपाखराची गोष्ट वेगळी आहे. ते कुणाच्या गोठ्यात वाढत नाही, मारले तर बाजारातून दुसरे आणता येत नाही. एकाच्या ताटावर दुसऱ्याच्या देवाने पहारा ठेवणे आणि संपत चाललेला जीव सर्वांनी मिळून राखणे, या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला फरक स्पष्ट केला आहे. तथागतांची अहिंसा हा आंधळा नियम नव्हे, ते विवेकाने पाळायचे तत्त्व आहे, हे त्यातून कळते. आपल्या देशात घडले ते नेमके उलटे. इच्छेने मारणाऱ्याला परवाना मिळाला आणि गरजेने मारणाऱ्याला बेडी.

याचे सर्वांत जुने उत्तर आपल्याच परिसरात सापडले आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रांना जात आणि शिकार करीत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोकाने ती प्रथा सोडली आणि धम्मयात्रा सुरू केली. पहिल्या शिलालेखात तर तो स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेब देतो. तिथे रोज मारले जाणारे असंख्य प्राणी कमी करून दोन मोर आणि एक हरीण इतकेच उरले आहेत, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे तो जाहीर करतो. पाचव्या स्तंभलेखात विनाकारण रानाला आग लावू नये अशीही आज्ञा आहे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, सम्राटाने बंदीची सुरुवात पारध्याच्या झोपडीपासून केली नाही. आपल्या स्वतःच्या मुदपाकखान्यापासून केली.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रानपाखराचे मांस मागणाऱ्या आणि वाढणाऱ्या हॉटेल-फार्महाऊसवाल्यांवर गुन्हे नोंदवा. कलम ५४ खाली पैसे भरून कोण कोण सुटले याची यादी वनखात्याने दरवर्षी जाहीर करावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा हक्क दिलेला नाही, तो मागूही नये. पण त्याच कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला वन्यजीव राखण्याचा अधिकार दिला आहे, तो वापरू द्या. ज्याला पाखराची वाट, घरटे आणि हंगाम माहीत आहे, त्या पारधी आणि वारली तरुणाला पगारी वनरक्षक करा. फासा सोडायला सांगायचे तर हातात दुसरे काम दिले पाहिजे.

कार्यकर्त्यांसाठी दोन गोष्टी. शिकार दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. खाते हलले नाही तर कलम ५५ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. आणि एखादा गरीब पोरगा अशा गुन्ह्यात अडकला तर त्याला वाऱ्यावर सोडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याला विचारा, पाखरू कुणासाठी धरले होते? ते नाव जबाबात लिहून घ्यायला लावा. पक्षी वाचवायचा असेल तर खटला फाशापाशी थांबता कामा नये, तो ताटापर्यंत गेला पाहिजे.